दहा गुंठ्यांत आठ रो-हाऊस

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : नाशिक शहराच्या हद्दीत आमचा १० गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आहे. समोर ९ मीटरचा रस्ता. आठ रो-हाऊस बांधून विकावीत असा विचार आहे. आधी प्लॉटचे तुकडे पाडून घ्यावेत की सगळं एकाच प्लॉटवर बांधावं?

उत्तर : आठच्या आकड्यावर येण्याआधी प्लॉटची कोणती बाजू रस्त्याला आहे ते सांगा, कारण सगळं गणित त्यावर फिरतं. १० गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. प्लॉट ४६ बाय २२ मीटरचा आहे आणि ४६ मीटरची बाजू रस्त्याला आहे असं धरू. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सोडलं की ४३ मीटर उरतात, म्हणजे आठ घरांना प्रत्येकी साधारण ५.३७ मीटर रुंदी. प्रत्येक घराला थेट रस्ता मिळतो, आतला रस्ता लागत नाही. हाच प्लॉट उलटा, म्हणजे २२ मीटरची बाजू रस्त्याला असेल, तर मागच्या घरांसाठी आत रस्ता न्यावा लागतो. तो ६ मीटरचा धरला तरी ४६ मीटर लांबीत २७६ चौरस मीटर जमीन जाते, एकूण जमिनीच्या पाव हिश्शाहून जास्त. अशा प्लॉटवर पाच-सहा घरांतच समाधान मानलेलं बरं. आठ कोंबायला गेलात तर गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील.

मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१० धरला तर १,११३ चौरस मीटर बांधकाम होतं. घरामागे १३९, म्हणजे तळमजला आणि पहिला मजला प्रत्येकी सुमारे ७० चौरस मीटरचा. ५.३७ रुंदीत ७० बसवायचे तर घर १३ मीटर खोल होतं. मधल्या सहा घरांच्या दोन्ही बाजूंच्या भिंती बंद, त्यामुळे पोटातली खोली अंधारी राहते. जिना मध्यावर घ्या, त्यावर उजेडाचं छप्पर टाका किंवा छोटा चौक सोडा. नकाशावर ही खोली ‘डायनिंग’ म्हणून छान दिसते, पण गिऱ्हाईक भर दुपारी घर बघायला येतं आणि दिवा लावावा लागतो, तिथेच सौदा फिसकटतो.

आता तुकड्यांचं. प्लॉटचं रीतसर उपविभाजन केलं तर प्रत्येक घराखालची जमीन खरेदीदाराच्या नावावर होते आणि मालमत्ता पत्रक किंवा सातबारा वेगळा निघतो. रो-हाऊस घेणाऱ्याला हेच हवं असतं, भावही त्यालाच मिळतो. एकाच प्लॉटवर बांधलंत तर जमीन सामाईक राहते आणि पुढे गृहनिर्माण संस्था किंवा अपार्टमेंट करावी लागते. दोन्हींना किमान पाचाचा आकडा आहे : संस्थेला पाच सभासद, अपार्टमेंट कायद्याखाली पाच सदनिका. तुमची आठ आहेत, अडचण नाही. तीन-चार घरंच बांधणाऱ्यांनी मात्र उपविभाजनच करावं, नाहीतर अविभक्त हिश्शाची खरेदीखतं होतात आणि कर्ज देताना बँका कुरकुर करतात.

उपविभाजनाची वाट अशी. आधी तीस वर्षांचा शोध अहवाल आणि सगळे फेरफार. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर तिथेच थांबा आणि आधी शासकीय परवानगीचं बघा. मग झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा, रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जाते का ते बघायला. मग मोजणी. त्यानंतर वास्तुविशारदामार्फत तात्पुरता अभिन्यास (लेआउट), जागेवर आखणी, भूमी अभिलेखची पुन्हा मोजणी, अंतिम अभिन्यास आणि शेवटी कमी-जास्त पत्रक (‘कजाप’), म्हणजे क्षेत्रातल्या बदलाची भूमी अभिलेखातली नोंद. ‘कजाप’ झाल्याशिवाय वेगळे उतारे निघत नाहीत. पुष्कळ जण अंतिम मंजुरीवर खूश होऊन थांबतात आणि खरेदीखताच्या दिवशी धावपळ करतात.

अभिन्यास ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तुमचा प्लॉट त्याच्या बराच खाली आहे. पण तो एखाद्या मोठ्या जमिनीतून मंजुरीशिवाय फुटलेला असेल तर ही सूट गृहीत धरू नका.

आणखी एक. तुकडे पाडून प्लॉट आधी विकायचे आणि ज्याने त्याने आपापलं बांधायचं, हा मोह टाळा. लगतच्या भिंतींची रांग एकत्रित नकाशावर मंजूर होते. मधल्या एकाने दोन वर्षं बांधलंच नाही तर शेजारच्या दोन्ही घरांच्या उघड्या भिंती तेवढे पावसाळे खातात.

प्रश्न : सातबाऱ्यावर १० गुंठे आहेत, मोजणीत ९.४ भरले. नकाशा कोणत्या आकड्यावर करायचा?

उत्तर : कागद, मोजणी आणि प्रत्यक्ष ताबा यांत जो आकडा कमी असेल तोच धरला जातो. ०.६ गुंठा म्हणजे ६१ चौरस मीटर, आणि १.१० निर्देशांकाने ६७ चौरस मीटर बांधकाम गेलं. तुमच्या आराखड्यात घरामागे ७० चा मजला असेल तर जवळपास एक मजला नाहीसा झाला. म्हणून हद्द कायम मोजणी आधी करा, वास्तुविशारदाला पैसे नंतर द्या. मोजणीला लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस गेली आहे ना, ते बघा. ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हाती येताच हद्दीवर दगड रोवून कुंपण घाला. शेजाऱ्याचं अतिक्रमण दिसलं तर ते बांधकामाआधी सोडवावं लागतं, जोत्यानंतर त्याचा भाव वाढतो.

प्रश्न : आठच घरं असल्याने रेरा (स्थावर संपदा कायदा) नोंदणी लागणार नाही, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सगळे टप्पे धरून घरं आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणी लागत नाही. आठपर्यंत ठीक, नववं घर आलं की नोंदणी. ‘चार आता, पाच पुढच्या वर्षी’ ही युक्ती कायद्यानेच बंद केली आहे, आणि नोंदणीशिवाय विक्री केल्यास दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जातो. नोंदणीतून सुटलात तरी करारनाम्यातून सुटत नाही. किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त बयाणा करारनामा नोंदवल्याशिवाय घेऊच नका, म्हणजे कुठल्याच कायद्याखाली अडकणार नाही.

प्रश्न : दोन घरांमधली भिंत एकच ठेवली तर खर्च वाचतो. ठेवावी का? आणि ड्रेनेज मागून एकत्र न्यावं का?

उत्तर : जमीन वेगवेगळी विकणार असाल तर दोन्ही घरांचे कॉलम आणि फुटिंगही वेगळे घ्या. सामाईक कॉलमवर उभं असलेलं एक घर उद्या पाडता येत नाही, वर मजला चढवता येत नाही, आणि त्यावरून शेजारी कोर्टात जातात. वेगळ्या कॉलमना थोडं जास्त स्टील लागतं, तेवढं सोसा. शिवाय सलग इमारत ४५ मीटरपेक्षा लांब झाली की भारतीय मानकानुसार एक्स्पान्शन जॉइंटचा (उष्णतेने फुगण्या-आकसण्यासाठी सोडलेल्या फटीचा) विचार करावाच लागतो. तुमची ४३ मीटरची रांग त्याच्या काठावर आहे, तेव्हा मध्ये चौथ्या-पाचव्या घरात तरी पूर्ण फट ठेवा.

गळती या फटीतूनच होते. गच्चीवर फटीच्या दोन्ही बाजूंना कठडा उचला आणि वरून पत्र्याची टोपी बसवा. ती एकाच बाजूला घट्ट करा, दुसरी मोकळी ठेवा. दोन्हीकडे सिमेंटने बुजवली की पहिल्याच उन्हाळ्यात तडा जातो. संडास-बाथरूमचे नळ शेजारच्या भिंतीत खोबणी करून कधीच नेऊ नका. जमीन काळी असेल तर पाया मुरुमापर्यंत न्या, नाहीतर दर पावसाळ्यानंतर त्याच भिंतीला तडे दिसतात.

ड्रेनेज मागून नेण्याआधी टिकाव मारून महापालिकेच्या चेंबरची खोली मोजा. १६० मिलिमीटरच्या पाइपाला १०० ला १ उतार धरला तर ४६ मीटरला ४६ सेंटिमीटर उतार लागतो. पहिल्या घराशी पाइप ४५ सेंटिमीटर खोल असेल तर आठव्याशी ९१. चेंबर ८० वरच असेल तर पाणी चढणार नाही, आणि हे सहसा प्लास्टर झाल्यावर कळतं. मागून नेलेली लाइन सगळ्यांच्या परसातून जाते, म्हणून खरेदीखतात तिच्या दुरुस्तीचा हक्क लिहा. नाहीतर तिसऱ्या घरवाला फरशी घालतो आणि चोकअप झाल्यावर कुणाला आत येऊ देत नाही.

पाण्याला माणशी रोजचे १३५ लिटर आणि घरी पाच माणसं धरली तर घराला ६७५ लिटर लागतात. प्रत्येकाची जमिनीखालची टाकी आणि वीजमीटर स्वतंत्र ठेवा. सामाईक पंपाचं बिल हे रो-हाऊसमधलं पहिलं भांडण असतं.

प्रश्न : खरेदीदाराकडून जीएसटी घ्यायचा का?

उत्तर : पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच सगळी रक्कम घेतली तर जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना एक रुपया बुकिंग घेतलंत तर १ एप्रिल २०१९ पासूनचे दर लागतात : परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५, आणि इनपुट क्रेडिट (साहित्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. नाशिकसारख्या शहरात परवडणारं म्हणजे कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. पार्किंगसह इतर सगळी शुल्कं या किमतीत धरतात. ४५ लाखांच्या घरावर कर ४५ हजार होतो, ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. तुमचं १३९ चौरस मीटरचं घर कार्पेटमध्ये ९० च्या वर जाईल, तेव्हा ५ टक्केच गृहीत धरा.

प्लॉट वडिलोपार्जित असेल तर तो व्यवसायाच्या मालात वर्ग केल्याची तारीख वहीत नोंदवा आणि त्या दिवसाच्या बाजारभावाचा मूल्यांकन अहवाल घेऊन ठेवा. त्या दिवसापर्यंतचा नफा भांडवली, पुढचा व्यवसायाचा. दोन्हींवरचा कर विक्रीच्या वर्षी भरायचा. अहवाल चार वर्षांनी मागच्या तारखेचा मागायला गेलात तर मूल्यांकनकार सावध होतो आणि कर अधिकारी त्याहून जास्त.