वाचकांचे प्रश्न : गॅसचा बार्बेक्यू पेटवताना, घासताना आणि ठेवताना

गॅसवर चालणाऱ्या बार्बेक्यूविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी सहा प्रश्न निवडले आहेत. पत्रे वाचताना असे जाणवले की बहुतेकांनी साफसफाई हा उपकरणाच्या दिसण्याचा भाग मानला आहे आणि सुरक्षितता हा निराळा विषय मानला आहे. प्रत्यक्षात तुंबलेली छिद्रे, साचलेली चरबी आणि भेगाळलेली नळी यांतूनच पुष्कळसे अपघात घडतात, त्यामुळे पुढील उत्तरांत दोन्ही गोष्टी एकत्रच येतील.

प्रश्न : झाकण बंद ठेवूनच मी बटण फिरवले. ठिणगीचा आवाज आला, पण बर्नर पेटला नाही, म्हणून तीन-चार वेळा प्रयत्न केला. शेवटी एकदम भडका उडाला, झाकण वर उचलले गेले आणि हातावरचे केस जळले. माझे उपकरण सदोष आहे का?

उत्तर : आपल्याला गंभीर इजा झाली नाही, हे वाचून बरे वाटले. ठिणगी पहिल्याच वेळी गॅसपर्यंत का पोहोचली नाही, हे तपासावे लागेल; पण भडका उडाला तो झाकण बंद असल्यामुळे. सिलिंडरमधील एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो, त्यामुळे न पेटलेला गॅस वर उडून जात नाही, तर बार्बेक्यूच्या पेटीत तळाशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण अवघे २ टक्क्यांच्या आसपास गेले, तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. आपण प्रत्येक वेळी बटण चालू ठेवून ठिणगी पाडत होता, तेव्हा पेटीत गॅसची भर पडत होती, आणि शेवटच्या ठिणगीने तो सारा साठा एकाच क्षणी पेटला.

पेटवण्याचा क्रम असा ठेवावा. सर्वप्रथम झाकण पूर्ण उघडावे आणि सर्व बर्नरांची बटणे बंद असल्याची खात्री करावी. मग सिलिंडरची चावी सावकाश उघडावी, पेटीवर तोंड न वाकवता एकाच बर्नरचे बटण फिरवावे आणि लगेच ठिणगी पाडावी. चार-पाच सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर बटण बंद करावे आणि झाकण उघडेच ठेवून पाच मिनिटे थांबावे. ही पाच मिनिटे फार लांब वाटतात आणि पाहुणे खोळंबलेले असले, तर आणखीच लांब वाटतात. तरीही ती कमी करू नयेत, कारण तेवढ्या वेळातच पेटीतील गॅस बाहेर पसरून विरळ होतो. दुसऱ्या प्रयत्नातही बर्नर पेटला नाही, तर ठिणगी पाडणाऱ्या भागाची बॅटरी उतरली आहे का, त्याच्या टोकावर तेलकट थर बसला आहे का, हे गॅस बंद करून पाहावे. बहुतेक वेळा कारण एवढेच असते. बार्बेक्यू चालू असताना वाऱ्याने ज्योत विझली, तरीही बटणे बंद करणे, झाकण उघडणे आणि पाच मिनिटे थांबणे हाच क्रम पाळावा.

बंद करताना आधी सिलिंडरची चावी बंद करावी, नळीतील उरलेला गॅस जळून जाऊ द्यावा आणि ज्योत विझली की बर्नरची बटणे बंद करावीत. असे केल्याने नळीत दाबाखाली गॅस अडकून राहत नाही.

प्रश्न : पूर्वी ज्योत निळी असे, आता ती पिवळी आणि आळशी दिसते. शिवाय सिलिंडर भरलेला असूनही बार्बेक्यू पुरेसा तापत नाही. दोन्हींचे कारण एकच असेल का?

उत्तर : असू शकते, पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात, अशी माझी विनंती आहे, कारण पिवळी ज्योत ही दोहोंपैकी अधिक काळजीची बाब आहे.

गॅस बर्नरमध्ये शिरताना वाटेतील झडपेजवळच्या फटीतून हवा ओढून घेतो आणि त्या मिश्रणाची ज्योत निळी जळते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरू लागते आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते. हवा कमी पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कोळी. बर्नरच्या नळीचे तोंड अरुंद आणि आडोशाचे असते, त्यामुळे कोळी आणि इतर किडे तेथे जाळी विणतात किंवा अंडी घालतात, विशेषतः उपकरण काही आठवडे वापरात नसेल तेव्हा. एवढेसे कोळिष्टक कोणाच्या लक्षातही येत नाही. पण त्याने वाट पुरती अडली, तर गॅस पुढे न जाता मागे वळतो आणि बटणांच्या पट्टीखाली, म्हणजे अगदी आपल्या हातांजवळ पेट घेतो. म्हणून बराच काळ न वापरलेला बार्बेक्यू पेटवण्यापूर्वी बर्नर काढून त्यांच्या नळ्या लांब, लवचीक ब्रशने आतून साफ कराव्यात. तोंडावर बारीक जाळी बसवलेली असेल, तर तीही झटकून घ्यावी, आणि बर्नर परत बसवताना त्याचे तोंड झडपेच्या टोकावर नीट बसले आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

बर्नरवरची बारीक छिद्रे घासताना ब्रश नळीच्या लांबीच्या दिशेने न फिरवता आडवा फिरवावा, नाहीतर एका छिद्रातील घाण शेजारच्या छिद्रात जाऊन बसते. तुंबलेले छिद्र पातळ तारेने मोकळे करावे. दात कोरण्याची लाकडी काडी वापरू नये, कारण तिचे टोक आत मोडते. छिद्र मोठे होईल इतक्या जोराने तार कधीही घुसवू नये. बर्नर गंजून दोन छिद्रे एकमेकांत मिसळली असतील, तर तो दुरुस्त करण्याच्या खटपटीत न पडता बदलावा.

आता उष्णता कमी मिळण्याविषयी. काही रेग्युलेटरमध्ये गॅसचा प्रवाह अचानक वाढल्यास तो रोखणारी सोय असते. बर्नरचे बटण आधी उघडून मग सिलिंडरची चावी झटक्यात उघडली, तर ही सोय नळी फुटली असे समजून गॅस अगदी थोडाच सोडते. त्यावर उपाय सोपा आहे. सर्व बंद करावे, रेग्युलेटर काढून पुन्हा जोडावा, बर्नर बंद ठेवून चावी अगदी सावकाश उघडावी आणि मग नेहमीच्या क्रमाने पेटवावे. दुसरे कारण थंडी. द्रवरूप गॅसची वाफ होताना तो सिलिंडरमधूनच उष्णता घेतो, म्हणून सर्व बर्नर मोठे ठेवून बराच वेळ वापरल्यास सिलिंडरच्या बाहेरून दव किंवा बर्फाचा पातळ थर दिसतो आणि दाब घटतो. ब्युटेनची वाफ होणे ० अंशाच्या आसपासच थांबते, तर प्रोपेनची वाफ उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते, त्यामुळे थंड हवेत प्रोपेनचा सिलिंडरच उपयोगी पडतो. गारठलेला सिलिंडर ज्योतीने किंवा हीटरने तापवण्याचा विचारही मनात आणू नये.

प्रश्न : झाकणाच्या आतील बाजूचा काळा रंग पापुद्र्यांसारखा सुटून अन्नावर पडतो. हा रंग विषारी असेल का? तसेच जाळी घासण्यासाठी तारेचा ब्रश योग्य आहे का?

उत्तर : हा बहुधा रंग नसून अनेक वापरांत झाकणावर बसलेल्या धुराचा आणि चरबीचा जळून कडक झालेला थर आहे. पुष्कळशा बार्बेक्यूंच्या झाकणाला आतून रंग दिलेलाच नसतो. थंड झाकणावरून प्लास्टिकच्या पट्टीने पापुद्रे खरवडावेत, भांडी घासण्याचा सौम्य साबण आणि कोमट पाणी वापरून धुवावे, पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. ओव्हन स्वच्छ करण्याची तीव्र रसायने येथे वापरू नयेत. त्यांतील दाहक सोडा अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना खातो.

तारेच्या ब्रशविषयी माझे मत स्पष्ट आहे, तो घरात असेल तर टाकून द्यावा. त्याच्या तारा वापराने ठिसूळ होऊन तुटतात, जाळीला चिकटतात आणि तेथून अन्नात जातात. अशा तारा घशात किंवा आतड्यात रुतून शस्त्रक्रिया कराव्या लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. केसाहून थोडी जाड अशी ती तार ताटात दिसत नाही. त्याऐवजी लाकडी खरवडणी किंवा चिमट्यात धरलेला अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा वापरावा. नायलॉनचा ब्रशही चालतो, मात्र केवळ थंड जाळीवर, कारण तापलेल्या जाळीवर तो वितळतो. कशानेही घासले, तरी शेवटी जाळी ओल्या, जाड फडक्याने पुसून घ्यावी.

जाळी घासण्याची सर्वांत सोयीची वेळ म्हणजे पुढच्या वापराच्या सुरुवातीची. झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे बार्बेक्यू तापवला की चिकटलेले कण कोरडे होऊन सहज सुटतात. स्वयंपाक संपल्यावर बर्नर मोठे करून जाळी 'जाळून' काढण्याची पद्धतही प्रचलित आहे, परंतु तेव्हा सारे जेवायला बसलेले असतात आणि उपकरणाजवळ कोणी नसते, म्हणून मला ती पटत नाही. बिडाची जाळी पाण्यात भिजत घालू नये. ती पुसून तिला तेलाचा पातळ हात लावावा, म्हणजे गंज धरत नाही. मुलामा दिलेल्या जाळीला धातूचे धारदार हत्यार लावू नये, कारण मुलाम्याचा टवका उडाला की तेथून गंज सुरू होतो.

प्रश्न : मांस भाजताना खालची चरबी पेटली. पाणी टाकावे का? चरबी तळाला लागू नये म्हणून मी तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरतो.

उत्तर : पाणी मुळीच टाकू नये. पेटलेल्या चरबीवर पडताच पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ जळती चरबी चहूकडे उडवते. बटणांपर्यंत सुरक्षितपणे हात पोहोचत असेल, तर बर्नर बंद करावेत, मग सिलिंडर बंद करावा आणि झाकण लावावे. आग लहान असेल, तर तिच्यावर खाण्याचा सोडा किंवा कोरडी वाळू टाकता येते. ज्वाळा नळीपर्यंत किंवा सिलिंडरपर्यंत पोहोचल्या असतील, तर काहीही वाचवण्याचा प्रयत्न न करता सर्वांना दूर न्यावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.

तळाशी कागद अंथरणे आजच बंद करावे. बार्बेक्यूचा तळ उतरता केलेला असतो, तो चरबी वाहून खालच्या ट्रेमध्ये जावी म्हणूनच. कागदाच्या घड्यांत चरबी अडते, बर्नरच्या अगदी खाली तिची डबकी साचतात आणि हवेचे मार्गही बंद होतात. ट्रे मात्र प्रत्येक वापरापूर्वी पाहावा आणि तळावर जमलेला थर काही वापरांनंतर, थंड असताना, खरवडून ट्रेमध्ये लोटावा. आपल्याकडील आग याच थराला लागली असणार.

प्रश्न : पावसात बार्बेक्यू गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवून वापरला तर चालेल का? आणि स्वयंपाकघरातील नळाच्या गॅसला तो जोडता येईल का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. एक दार उघडे असणे पुरेसे नसते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही सुरुवातीची लक्षणे थकव्याची समजली जातात आणि तोपर्यंत माणूस उठून बाहेर जाण्याच्या स्थितीत राहत नाही. गॅरेज, तंबू, बंदिस्त बाल्कनी या सर्वांना हेच लागू आहे. उपकरण उघड्यावर, सपाट जमिनीवर, भिंती, कुंपण आणि लोंबत्या फांद्यांपासून शक्यतो तीन मीटर दूर ठेवावे.

नळाचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो कमी दाबाने येतो, म्हणून त्याच्यासाठीच्या झडपांची छिद्रे मोठी असतात. सिलिंडरसाठी बनवलेला बार्बेक्यू त्याला जोडला तर ज्योत क्षीण मिळते, आणि उलट केले तर ती धोकादायक उंचीची होते. उत्पादकाने बदलाचा अधिकृत संच दिला असेल, तरच आणि तंत्रज्ञाकडूनच हे काम करून घ्यावे.

प्रश्न : गळती आहे की नाही हे घरी कसे ओळखावे? आणि वापर नसताना सिलिंडर कोठे ठेवावा?

उत्तर : गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. पण उघड्यावर वारा असतो, त्यामुळे केवळ नाकावर विसंबून राहू नये. द्रवरूप साबण आणि पाणी सारख्या प्रमाणात मिसळावे, बर्नरची बटणे बंद ठेवून सिलिंडरची चावी उघडावी आणि हे पाणी चावीच्या जोडावर, रेग्युलेटरवर आणि नळीच्या संपूर्ण लांबीवर ब्रशने लावावे. वाढत जाणारे बुडबुडे दिसले, की तेथे गळती आहे. लगेच चावी बंद करून जोड पुन्हा बसवावा, रबरी वॉशर चिरला किंवा हरवला आहे का ते पाहावे आणि चाचणी पुन्हा करावी. तरीही बुडबुडे आले, तर उपकरण वापरू नये. काडी पेटवून गळती शोधणारी माणसे अजूनही भेटतात. त्यांना कृपया थांबवावे. ही चाचणी प्रत्येक वेळी सिलिंडर बदलल्यावर आणि दीर्घ विश्रांतीनंतर करावी. नळी वाकवून पाहिल्यावर बारीक भेगा दिसल्या, ती चिकट किंवा कडक झाली असली, उंदराने कुरतडली असली, तर चिकटपट्टी न गुंडाळता नवी नळी घ्यावी. नळीवर बदलण्याचे वर्ष छापलेले असल्यास नळी चांगली दिसली तरी ते पाळावे.

सिलिंडर नेहमी उभाच, घराबाहेर, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवावा. आडवा ठेवल्यास चावीतून वाफेऐवजी द्रव येऊ शकतो आणि तोच द्रव बाहेर पडल्यावर सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. तळघर, गटाराचे तोंड किंवा खड्डा यांच्याजवळ तो ठेवू नये, कारण जड गॅस तेथेच उतरून साचतो. जादा सिलिंडर बार्बेक्यूच्या खालच्या कपाटात ठेवण्याची सवयही वाईट आहे. आत किती गॅस उरला हे पाहायचे असेल, तर सिलिंडरच्या बाजूवरून कोमट पाणी ओतावे आणि हात फिरवावा. जेथून पत्रा गार लागतो, तेथपर्यंत द्रव आहे. बार्बेक्यूवर आच्छादन मात्र तो पूर्ण थंड आणि कोरडा झाल्यावरच घालावे, आणि पुन्हा वापरण्याआधी ते काढून आत उंदराचे घरटे नाही ना, हे पाहावे.