साल नंतर बघू, आधी नंबर दाखवा

प्रश्न: माझ्याकडे शस्त्र परवाना आहे आणि त्यावर अजून एका बारा बोअर बंदुकीला जागा आहे. क्ले शूटिंगसाठी (उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीसाठी) एका ज्येष्ठ नेमबाजांकडून त्यांची जुनी दुनळी घेतली. जरा कळकट होती म्हणून पॉलिश आणि ब्लूइंग (पोलादावर निळसर-काळा थर चढवणं) करून घेतलं. नोंदीसाठी गेलो तर नंबर नीट वाचता येत नाही म्हणून परत पाठवलं; मेक, देश आणि साल लिहून आणा म्हणाले. रिबवर (दोन नळ्यांमधल्या पट्टीवर) कलकत्त्याच्या एका जुन्या कंपनीचं नाव आहे, बाकी नळ्यांखाली बारीक ठसे आहेत, त्यांचे फोटो जोडले आहेत. मित्र म्हणतो, शंभर वर्षांची निघाली तर अँटिक, मग परवानाच नको. साल कसं ठरवायचं? आणि किंमत काय येईल?

उत्तर: जुन्या बंदुकीबद्दल येणाऱ्या दहा पत्रांपैकी नऊ पत्रांत हाच प्रश्न असतो: साल कोणतं आणि किंमत किती. नंबराबद्दल कोणी विचारत नाही. तुम्हीही ओघात सांगून टाकलंत, की नंबर वाचता येत नाही आणि तुम्ही पॉलिश करून घेतलंत. तुमचं सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आहे. बाकीचं पत्र नसतं तरी चाललं असतं.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ काढा. पहिलं पोटकलम सांगतं, की बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण कोणीही पुसायची, काढायची, बदलायची किंवा बनावट करायची नाही. दुसरं म्हणतं, अशी खूण नसलेली बंदूक विकायची किंवा हस्तांतरित करायची नाही. खरी मेख तिसऱ्यात आहे. खूण नसलेली किंवा पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ती पुसली असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. फौजदारी कायद्यात सहसा सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं; इथे ओझं तुमच्या खांद्यावर आहे. आणि तुमच्या बाबतीत गृहीत धरायलाही फारसं काही उरलेलं नाही, कारण पॉलिश करून घेतल्याचं तुम्ही स्वतःच लिहून दिलं आहे.

हेतू नव्हता, हा बचाव आहे आणि तो बरा आहे. पण बचाव मांडायचा तो खटल्यात, आणि खटला उभा राहीपर्यंत बंदूक मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या कोठडीत पडते. ती सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर) परत मिळावी म्हणून अर्ज करता येतो, पण ज्या शस्त्राची ओळखच वादात आहे ते परत देताना कोणतंही न्यायालय हात आखडता घेतं. तारखा पडत राहतात, तिकडे अक्रोडाच्या दस्त्याला बुरशी धरते आणि नळ्यांत आतून गंज चढतो. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या हाती शेवटी भंगार येतं. म्हणून हे खटल्यापर्यंत जाऊ न देणं हाच खरा सल्ला. त्याला वेळ फार नाही, कारण नंबर वाचता येत नाही हे परवाना शाखेला आता माहीत झालं आहे.

तुम्हाला वाचवू शकेल असा एक कागद आहे. पॉलिश ज्या कारागिराकडे केलंत त्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे ना? असेल तर त्याला आलेल्या प्रत्येक शस्त्राची नोंदवहीत नोंद करावी लागते. बंदूक घासायच्या आधी, आत घेताना, त्याने पूर्ण नंबर लिहिला असेल तर तीच तुमची ढाल. तुम्ही नंबर लपवला नाही, तो कामाच्या ओघात झिजला, आणि झिजण्याआधी काय होता हे तिसऱ्या माणसाच्या वहीत तारखेसह आहे. उद्याच जा आणि त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत आणि बिल घ्या. वहीत नोंद नसेल तर नंतर घालून घेऊ नका. एक चूक झाकायला केलेली खोटी नोंद हा स्वतंत्र गुन्हा होतो, आणि त्यात तो कारागीरही गुंततो. कारागिराकडे परवानाच नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि तुमच्या भागातला फौजदारी वकील गाठा. परवान्याशिवाय दुरुस्ती करणं कलम ५ नुसार चालत नाही, आणि ती गाठ लेखातून सुटणारी नाही.

दुसरा पुरावा विकणाऱ्यांकडे मिळेल. त्यांच्या परवाना पुस्तिकेत या बंदुकीचा नंबर असणारच. फक्त शेवटचं पान घेऊ नका, जुन्या नूतनीकरणांची पानंही घ्या. निवडणुकीच्या वेळी शस्त्रं जमा करायला लावतात, त्या पावत्यांवर नंबर असतो. जुनी माणसं अशा पावत्या जपून ठेवतात. दर निवडणुकीला वेगळ्या हवालदाराने बंदूक बघून तोच नंबर लिहिला असेल, तर त्यापेक्षा सरळ पुरावा नाही. खरं तर हे सगळं व्यवहाराच्या दिवशी व्हायला हवं होतं. पुस्तिका आणि बंदूक शेजारी ठेवून आकडा आकड्याशी ताडून बघायला पाच मिनिटं लागली नसती. तुम्ही नळीत डोकावून आतली चकाकी बघितलीत आणि पैसे मोजलेत.

आता बंदुकीकडे. फोटोत ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) मागच्या शेपटीवर पाच आकड्यांपैकी शेवटचे तीन वाचता येतात, पहिले दोन घासले गेलेत. इंग्लिश धाटणीच्या बंदुकीत नंबर सहसा एकाच जागी नसतो. फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढा, नळ्या उतरवा. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, त्या जिथे टेकतात त्या अ‍ॅक्शनवर (यंत्रणा असलेल्या मधल्या भागावर), आणि फोरएंडच्या आतल्या लोखंडावर बघा. पॉलिशवाल्याचा हात तिथवर बहुधा जात नाही. विजेरी तिरपी धरून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. स्क्रूला हात लावू नका, आणि कुठेही ॲसिड, पॉलिश पेपर किंवा ब्रश फिरवू नका. ठसा मारताना खालचा धातू दाबला जातो, त्यामुळे वरून घासलेला नंबर फॉरेन्सिक लॅबमध्ये रसायनाने पुष्कळदा परत उठवता येतो. तुम्ही घरी प्रयोग केलात तर तीही शक्यता जाईल. आणि ‘ओळखीचा माणूस आहे, नंबर पुन्हा पंच करून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच निरोप द्या. चांगल्या हेतूने मारलेला आकडाही पोटकलम १ च्या नजरेत बनावटच ठरेल.

एक सावधगिरी. वेगवेगळ्या जागी वेगवेगळे आकडे दिसले तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. त्यातला एखादा पेटंटचा नंबर असतो, एखादा कारखान्यातला कामाचा. रिबवर नुसता १ किंवा २ असेल तर ती जोडीतली एक बंदूक. परवान्यावर बंदुकीचा नंबर म्हणून पेटंटचा नंबर उतरवलेला मी पाहिला आहे, आणि नूतनीकरणागणिक तोच पुढे चालत राहतो. विकणाऱ्यांच्या पुस्तिकेत तसं झालं असेल तर अर्जात ते आपणहून सांगा.

साल काढण्याचा उपयोग ही तीच बंदूक आहे हे दाखवायला आहे, मित्राने सांगितलेल्या कारणासाठी नाही. रिबवरच्या नावावर जाऊ नका. रोडा किंवा मँटन यांसारख्या कलकत्त्याच्या कंपन्यांचं नाव असलेल्या कितीतरी बंदुका बर्मिंगहॅमला घडलेल्या असतात. ते विकणाऱ्याचं नाव, घडवणाऱ्याचं नाही. घडवणं आणि तपासणं कुठे झालं ते प्रूफ हाउसचे (नळ्या दाब सोसतात का ते तपासून ठसा मारणाऱ्या संस्थेचे) ठसे सांगतात. तुमच्या फोटोत मुकुटाखाली एनपी, बीपी आणि बीव्ही ही अक्षरं आहेत आणि चौकटीच्या एक्क्यासारख्या आकारात १२ आणि सी आहे. मुकुटाखालचे हे ठसे बर्मिंगहॅमचे आणि १९०४ च्या नियमांनंतरचे. त्याआधी काही वर्षं ‘नायट्रो प्रूफ’ (धूरविरहित दारूची चाचणी) असं पूर्ण लिहीत. चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) ती चौकट १८८७ ते १९२५ या काळातली. १९२५ नंतरच्या नळ्यांवर बोअर (नळीचा आतला व्यास) दशांशात आणि चेंबरची लांबी इंचांत यायला लागते, १९५४ नंतर दाबाचा आकडा टनांत येतो. तुमच्या फोटोत यातलं काहीच नाही. म्हणजे १९०४ ते १९२५, निदान नळ्यांपुरतं. बर्मिंगहॅमने १९२१ पासून ठशांत वर्षाचं सांकेतिक अक्षरही घालायला सुरुवात केली. तसं अक्षर सापडलं तर काळ आणखी आवळता येईल. नळ्या नंतर बदललेल्या असू शकतात, म्हणून नळ्यांवरचा नंबर अ‍ॅक्शनवरच्या नंबराशी जुळवा. घडवणाऱ्याचं नाव आत कुठे सापडलं आणि तो पर्डी, हॉलंड अँड हॉलंड किंवा वेस्टली रिचर्ड्स यांच्यापैकी निघाला, तर त्यांच्या जुन्या वह्या आजही आहेत. नंबर कळवून माहिती मागवता येते. निव्वळ व्यापाऱ्यांसाठी बंदुका घडवणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या बाबतीत एवढी आशा धरू नका.

हे कायद्याला कसं उपयोगी? पोटकलम २ मध्ये नाव, नंबर आणि केंद्र सरकारने मान्य केलेली अन्य ओळखखूण असे तीन पर्याय आहेत. अर्धवट नंबर, प्रूफचे ठसे, नळीची लांबी, चोक (नळीच्या तोंडाशी आतला निमुळतेपणा) आणि रिबवरचं नाव असं सगळं मिळून ही तीच बंदूक आहे हे दाखवता आलं, तर ‘ओळख पुसलेली बंदूक’ या आरोपातला दम बराच जातो. ठसे एकटे पुरेसे ठरतील असं मी म्हणणार नाही, त्यावर वाद होईल. विकणाऱ्यांच्या पुस्तिकेसोबत मात्र त्यांना वजन आहे. पुस्तिकेत ‘दुनळी, बारा बोअर, इंग्लंड’ असं असेल आणि नळीवर बर्मिंगहॅमचे ठसे असतील, तर निदान त्या दोन गोष्टी भांडत नाहीत.

मित्राचं अँटिक. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती वयाला नाही. जुन्या धाटणीचं किंवा नादुरुस्त, आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणारच नाही, अशा शस्त्राला ती आहे. तुम्ही ही बंदूक तबकड्या फोडायला घेतली आहे, म्हणजे ती चालते, आणि तिथेच सूट संपली. १९०४ ची असो की १९२४ ची. मित्राचं ऐकून परवाना शाखेत जायचं टाळलंत तर प्रकरण विनापरवाना ताब्याकडे झुकेल, आणि त्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं कैद आहे. शंभरी भरल्याचा परिणाम झालाच तर उलटा होईल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ती बसली तर परदेशी पाठवायला आणखी एक अडसर.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्राच्या समासात लिहिली आहे: विकणाऱ्यांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि तुम्ही आठवड्याच्या आत बंदूक घरी आणली. कलम ५ नुसार लेखी कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस उलटल्याशिवाय हस्तांतरण करता येत नाही. ही जबाबदारी मुख्यतः विकणाऱ्यांची, पण त्याची झळ तुमच्या खरेदीला लागणार नाही असं मी सांगू शकत नाही. व्यवहाराच्या कागदावर मागची किंवा पुढची तारीख टाकायचा मोह कोणालाच होऊ देऊ नका. खरी तारीख लिहा आणि अर्जाची पोच जोडा.

आता अर्ज. परवाना प्राधिकाऱ्याला, विकणाऱ्यांच्या निवेदनासह, एकच अर्ज द्या. बंदूक कधी आणि कोणाकडून घेतली, पॉलिश कोणाकडे केलं, नंबर कुठे आणि किती वाचता येतो, कारागिराच्या वहीतली नोंद काय सांगते, हे सरळ लिहा. शस्त्राची तपासणी व्हावी, लागल्यास फॉरेन्सिक लॅबकडे पाठवावं आणि खूण कशी ठेवायची याचा लेखी आदेश मिळावा, अशी मागणी करा. तोंडी सांगितलेलं ऐकून घरी येऊ नका. आवक क्रमांकाची पोच घ्या. दरम्यान बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवण्याची तयारी अर्जातच दाखवा, आणि ठेवलीत तर पावतीवर किती आकडे वाचता येतात ते लिहून घ्या. परवान्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असेल तर ती कधी संपते तेही बघा आणि वाढ मागायची असल्यास याच अर्जात मागा. कार्यालय किती दिवसांत उत्तर देईल हे विचारू नका.

तोवर ती बंदूक रेंजवर नेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी त्या काळातल्या पुष्कळ इंग्लिश बंदुकांचं चेंबर अडीच इंची असतं आणि आजचं नेहमीचं काडतूस सत्तर मिलिमीटरचं; ते बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढे उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. चेंबर मोजून घेतल्याशिवाय कोणी त्यात काडतूस घालू नये.

किमतीचं उत्तर मी देत नाही. नंबराचा प्रश्न सुटेपर्यंत पोटकलम २ मुळे ही बंदूक तुम्हाला कोणालाही विकता येणार नाही.