अमेरिकेत काउंटी एवढा प्रॉपर्टी टॅक्स घेते, मग इस्पितळांसाठी पैसे कमी कसे पडतात?

प्रत्येक राज्याची रीत वेगळी. मी कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत राहतो, म्हणून इथलंच सांगतो.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा आणि निवडून आलेले पाच सुपरवायझर म्हणजे आटोपशीर जिल्हा परिषद. फक्त तुरुंग, निवडणुका, सरकारी इस्पितळं हेही यांच्याच गळ्यात. ज्यांना कोणी वाली नाही अशा गरिबांवर उपचार करणं इथल्या काउंटीला कायद्यानेच भाग आहे. २०१९मध्ये तर दिवाळखोरीत निघालेली दोन इस्पितळंही आमच्या काउंटीने विकत घेतली.

आता टॅक्सचं बिल बघा. ऑक्टोबरात लिफाफा येतो. वर घराच्या किमतीचा १ टक्का, खाली शाळा-कॉलेजांच्या कर्जरोख्यांच्या ओळी, आणि तळाशी डास-नियंत्रणाचे चार-दोन डॉलर. पहिल्यांदा ते वाचून मला हसूच आलं होतं. लिफाफ्यावर नाव काउंटीचं असलं तरी ती बरीचशी वसुली कारकून. त्या १ टक्क्यातला सगळ्यात मोठा वाटा शाळांचा, मग शहरं वगैरे, आणि काउंटीच्या पदरात एक तुकडा.

तो तुकडा वाढवायचीही सोय नाही. १९७८च्या प्रॉपोझिशन १३ने, म्हणजे मतदारांनीच मंजूर केलेल्या कायद्याने, दर १ टक्क्यावर बांधला आणि घर विकलं जाईपर्यंत त्याची करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं ठरवलं. आमच्या शेजारच्या आजींचं घर सत्तरच्या दशकातलं, आमच्याएवढंच. त्यांचा टॅक्स आमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी! म्हातारपणी टॅक्सपायी घर सोडावं लागू नये हा कायद्यामागचा विचार मला पटतो. बिल भरताना मात्र जरा कमी पटतो.

बजेटचं वर्ष १ जुलै ते ३० जून, आणि खर्च-जमेचा मेळ बसवावाच लागतो. २०२५-२६चा आकडा १३ अब्ज डॉलरच्या पुढे आहे, पण त्याने दिपून जाऊ नका. त्यातला मोठा भाग राज्य आणि केंद्राकडून नाव लिहूनच येतो: हा मेडी-कॅलचा (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा), हा बालकल्याणाचा. माझे वडील जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. ते म्हणायचे, सदस्य भांडतात ते सेस फंडावर, म्हणजे परिषदेच्या स्वतःच्या पैशावर, कारण बाकीचा पैसा लेखाशीर्षाला बांधलेला. इथे जूनच्या सुनावण्या ऐकताना मला तेच आठवतं. ओढाताण सगळी जनरल फंडातल्या मोकळ्या रकमेसाठी.

२०२५मध्ये केंद्राने मेडिकेडला (मेडी-कॅल हे त्याचंच कॅलिफोर्नियातलं नाव) कात्री लावली तेव्हा म्हणूनच घरांऐवजी दुकानांकडे वळावं लागलं. नोव्हेंबरात मतदारांनी मेझर ए मंजूर केलं: पाच वर्षांसाठी पाच-अष्टमांश टक्का जादा सेल्स टॅक्स. प्रचार इस्पितळांच्या नावाने झाला, पण मतपत्रिकेवर तो सर्वसाधारण कर होता. ‘फक्त इस्पितळांसाठी’ असं कायद्यात बांधून घेतलं असतं तर दोन-तृतीयांश मतं लागली असती. सर्वसाधारण कराला साधं बहुमत पुरतं. उद्या हा पैसा दुसरीकडे वळवायला कायद्याची आडकाठी नाही, आणि मला खटकतं ते हेच.

जाता जाता: इथे नवं घर घेतलं असेल तर करपात्र किंमत नव्याने ठरते, आणि त्या फरकाचं वेगळं सप्लिमेंटल बिल नंतर येतं. ते सहसा कर्ज देणारी बँक भरत नाही, आपणच भरायचं. मी बँकेच्या भरवशावर राहिलो आणि १० टक्के दंड भरला.