मंचावर खेळाडूंना जागा दे

प्रिय दोस्त,

ऑनलाइन गेमच्या खेळाडूंवरच्या तुझ्या टॉकचा आराखडा वाचला. परिषदेत निवड झाली, अभिनंदन. आता थोडं कडू बोलतो. पहिल्या अर्ध्या स्लाइड्स म्हणजे नुसते आलेख: रोजचे सक्रिय खेळाडू, महिन्याचे सक्रिय खेळाडू, किती टिकले, किती गळले. ज्यांच्यावर हा सगळा खटाटोप चाललाय ते खेळाडू थेट शेवटी येतात, तेही आभार मानायला. तू कम्युनिटी मॅनेजर आहेस, म्हणजे कंपनी आणि खेळाडू यांच्यातला दुवा; त्यांच्या शिव्याही तू खातेस आणि कौतुकही तुझ्याच वाट्याला येतं. मंचावर चढल्यावर मार्केटिंगवाल्यांची बोली कशाला?

या विषयावर आजही वाचावं असं एक जुनं सादरीकरण आहे. लुकासफिल्मने १९८६ च्या सुमारास कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी 'हॅबिटॅट' नावाचं ऑनलाइन जग उभं केलं. ते बनवणारे चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर १९९० मध्ये ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठातल्या सायबरस्पेसवरच्या परिषदेत आपले धडे मांडायला गेले. आपण किती थोर जग बनवलं हे सांगण्यापेक्षा आपले अंदाज कुठे कोसळले हे सांगण्यात त्यांना जास्त रस होता. खजिना शोधायचा एक मोठा खेळ त्यांनी रचला. आखायला काही तास गेले, बांधायला कित्येक आठवडे. एका खेळाडूने तो आठ तासांत उलगडला, तेव्हा बाकीच्या बहुतेकांची अजून सुरुवातही झाली नव्हती.

त्याहून मला आवडतो तो पैशांचा किस्सा. तिथल्या एका विक्रीयंत्रात स्फटिकगोळा १८,००० टोकनांना (टोकन म्हणजे तिथलं चलन) मिळायचा आणि दुसरीकडचं गहाणयंत्र तोच ३०,००० ला विकत घ्यायचं. किमती ठरवताना झालेली साधी चूक. काही खेळाडूंनी आधी बाहुल्यांच्या अशाच व्यवहारातून भांडवल जमवलं, मग गोळ्यांकडे वळले आणि रात्रभर खेपा घातल्या. सकाळी पाहतात तो त्या जगातला एकूण पैसा पाचपट! आम्ही तो रीतसर कमावलाय, असं खेळाडूंचं म्हणणं. आणि पुढे त्याच पैशातून त्यांनी इतरांसाठी स्वतःहून खजिनाशोधाचे खेळ भरवले.

हा किस्सा आलेखात कसा दिसला असता? चलनवाढीची एक उभी रेघ, खाली लाल अक्षरांत 'गैरवापर'. खेळाडूंची बाजू आणि त्यांनी नंतर त्या पैशाचं काय केलं हे कळतं म्हणून त्याला अर्थ येतो. तुझ्याकडेही असा एखादा प्रसंग नक्की असणार. गेल्या वर्षीच्या त्या इव्हेंटमध्ये गिल्डवाल्यांनी, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या त्या गटाने, नियमाला वळसा घातला, असं तू आराखड्यात एका ओळीत उरकलंयस. तोच टॉकचा कणा कर. तुम्ही काय ठरवलं होतं, त्यांनी काय केलं, त्यांच्या लेखी ते बरोबर का होतं आणि तुम्ही पुढे काय बदललं, हे सविस्तर येऊ दे.

आकडे वापरूच नकोस असं म्हणत नाही. रायट गेम्स कंपनीच्या जेफ्री लिन यांनी २०१३ च्या जीडीसीत, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत, 'लीग ऑफ लेजेंड्स' या त्यांच्या ऑनलाइन गेममधल्या प्रयोगांबद्दल सांगितलं, त्यात आकडे भरपूर होते. पण प्रत्येक आकड्यामागे एक प्रश्न होता. प्रतिस्पर्ध्यांशी बोलायचं चॅट मुळातच बंद ठेवलं, हवं त्याने ते चालू करायचं. बोलणं जवळपास तेवढंच राहिलं, शिवीगाळ मात्र बरीच घटली. शिवाय असंही दिसलं की बहुतेक घाण मूठभर अट्टल खेळाडूंकडून येत नव्हती, एरवी नीट वागणाऱ्यांच्या वाईट दिवसांतून येत होती. म्हणजे फक्त बॅन करत बसून भागणार नव्हतं. असा एक आकडा तुझ्या डझनभर स्लाइड्सना भारी आहे.

'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या ऑनलाइन गेमच्या खेळाडू परिषदेचा उल्लेख तू केलास ते बरं केलंस, पण गुळमुळीत केलास. २००८ पासून खेळाडू तिथे मतदान करून आपले प्रतिनिधी निवडतात, हे तर सगळेच सांगतात. २०११ च्या उन्हाळ्यात दुकानातल्या महागड्या आभासी वस्तूंवरून खेळाडू भडकले, जिता या व्यापारी केंद्रातल्या स्मारकावर जहाजांतून गोळीबार करत राहिले आणि कंपनीला परिषदेच्या सदस्यांना आइसलँडला बोलावून घ्यावं लागलं. तो भाग सांग. निवडून आलेल्यांना अधिकार किती आणि शोभा किती, हा प्रश्न श्रोते विचारणारच.

आता एक किरकोळ वाटणारी, पण मी अजिबात सोडणार नाही अशी गोष्ट. स्क्रीनशॉटमधली टोपणनावं झाक. खरं नाव नाही म्हणून काय झालं, त्या नावावर माणसाने वर्षानुवर्षं पत कमावलेली असते. कुणाचं चॅट मोठ्या पडद्यावर दाखवायचं असेल तर आधी त्याला विचार. नको म्हणाला तर विषय संपला. सभागृह हसवण्यासाठी एखाद्या संतापलेल्या पोराचा मेसेज वाचून दाखवायची एक वाईट सवय आपल्या धंद्यात आहे, ती तू लावून घेऊ नकोस.

तुमच्या विनावेतन मॉडरेटरांबद्दल, म्हणजे चॅटवर नजर ठेवणाऱ्यांबद्दल, आराखड्यात अवाक्षर नाही. ते रात्री काय काय वाचतात, कंटाळून किती जण सोडून जातात, त्यांना कंपनी काय देते, हे सांगायला वरिष्ठ परवानगी देतील का ते आत्ताच विचारून घे. आदल्या दिवशी विचारलंस तर नकारच येईल.

नवा मसुदा मला पाठव. पण त्याआधी इव्हेंटमधल्या त्या गिल्डच्या म्होरक्याला वाचायला दे आणि त्याने काय काय खोडलं तेही सोबत जोड.

तुझा,
जुना सहकारी