मुक्कामी गाडीवर जाणारा फडका

प्रश्न : काकू, माझी पत्नी एसटीत वाहक आहे. आठवड्यातल्या काही रात्री मुक्कामी गाडीवर, एरवी सातारा-वाई. पिठोरी अमावस्येला मुलांच्या हातचं काहीतरी तिला द्यावं असं मनात आहे. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४. मागच्या वेळी शुभेच्छापत्र करायला बसलो, तर मुलगी ‘मला नीट जमत नाही’ म्हणत कागद फाडून उठली, धाकटा जरा वेळाने पळालाच. उरलेलं मी पूर्ण केलं. यंदा दुकानातलं तयार किट आणावं का?
– एक वडील, सातारा

उत्तर : किट नका आणू. त्यात सगळं आधीच कापलेलं, आखलेलं असतं. मुलांनी फक्त चिकटवायचं. तुमच्या मुलीला तर ते डब्यावरच्या चित्रासारखं झालं नाही म्हणून आणखी रडू येईल. आणि शुभेच्छापत्र पाहून झालं की कपाटात जातं. तुमच्या पत्नीच्या रोजच्या हाताळण्यातलं काही करा. मुक्कामाला जाताना त्या डबा नेत असणारच. त्याला बांधायचा फडका करा.

पाऊण मीटर मांजरपाट आणा. घरी आणल्यावर आधी साबणाने धुवा. त्यातली खळ निघाली नाही तर रंग वरवर बसतो आणि दोन धुण्यांत उडतो. २२ इंचांचा चौकोन कापा, उरलेला तुकडा सरावाला ठेवा.

धाकट्याला भेंडीचे ठसे द्या. कोवळी नको, भाजीला आपण बाजूला टाकतो तसली जून भेंडी घ्या, ती दाबली तरी चेपत नाही. मधोमध आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल दिसतं. देठाकडचा अर्धा भाग त्याच्या हातात द्या, मूठ नीट बसते. कापून तासभर वर्तमानपत्रावर उपडी ठेवा, नाहीतर बुळबुळीत रसावर रंग टिकत नाही. कापडावरचा रंग वाटीत ओतू नका. ताटलीत स्पंजचा तुकडा ठेवून त्यात थोडा मुरवा आणि भेंडी त्यावर टेकवायला सांगा. वाटीत बुडवली की पाकळ्यांमधल्या खाचा भरतात आणि नुसता ठिपका उमटतो. चार वर्षांचं मूल दहा-पंधरा ठसे मारेल आणि उठेल. उठू द्या. त्याचं काम तेवढंच आहे आणि ते पुरेसं आहे. फुलं एकाच कोपऱ्यात गर्दी करून बसली तर तशीच राहू देत. मोकळ्या जागेत तुम्ही एकही ठसा मारायचा नाही, एवढं मात्र मला वचन द्या.

आता मुलीचं. ‘जमत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला ‘छान झालंय गं’ म्हणून काही उपयोग होत नाही, त्याला दिसत असतं की रेघ वाकडी आहे. शाळेत चित्रकला शिकवताना मी अशा मुलांना चित्र काढायला न सांगता त्यांना पक्कं ठाऊक असलेलं काही लिहायला सांगायची. तुमच्या मुलीला आईच्या गाडीचे थांबे पाठ असतील. विचारून बघा. सातारा, लिंब, आनेवाडी, पाचवड, वाई, असे ती म्हणेल त्या क्रमाने काठालगत तिच्या अक्षरात येऊ द्या. आधी उरलेल्या तुकड्यावर, मग पेन्सिलीने फडक्यावर, मग कापडावर लिहायच्या पेनाने. पाचवडचा ‘ड’ मोठा झाला, एखादी वेलांटी चुकली, तर सांगू नका. तिने स्वतःहून विचारलं तरच सांगा.

काठाची दुमड तुम्ही इस्त्रीने पाडून द्या, दुहेरी, म्हणजे धागे सुटणार नाहीत. त्यावर बोटभर अंतराने पेन्सिलीचे ठिपके द्या, ठिपक्यातून ठिपक्यात साधा धावदोरा ती घालेल. मोठ्या नेढ्याची सुई, आणि दोरा तिच्या हाताच्या लांबीएवढाच. लांब घेतला की गुंता होतो आणि मुलं तिथेच कंटाळतात. एका बैठकीत एक बाजू. ती शिवत असताना तुम्ही शेजारी काहीतरी शिवत बसा, शर्टाचं बटण लावा. नुसतं तिच्या सुईकडे टक लावून बसू नका.

धाकट्याला ‘आईला सांगू नकोस’ म्हणून बजावू नका. या वयात गुपित पोटात राहत नाही, आणि सांगून बसला की त्याला उगाच अपराधी वाटतं. आईला आधी कळलं तरी काही बिघडत नाही.

पिठोरीच्या संध्याकाळी आपल्याकडे आई खीर-पुरीचं वाण डोक्यावरून मागे धरते आणि ‘अतित कोण?’ विचारते, मुलं ‘मी’ म्हणून मागून घेतात. तुमच्याकडेही असेल तर वाण घेतल्यावर त्याच रिकाम्या हातांत मुलांनी फडका ठेवावा. ड्युटी आली तर साप्ताहिक सुट्टीला करा, त्यासाठी कुणाशी ड्युटी बदलून घेण्याची ओढाताण त्यांच्यावर नको.

एक राहिलं. रंग पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग उलट बाजूने, मध्ये सुती कापड घालून, वाफ न सोडता गरम इस्त्री चार-पाच मिनिटं फिरवा. त्यानंतर दोन-तीन दिवस पाणी लावू नका. हे इस्त्रीचं काम तुमचं. डब्याचा फडका रोज धुतला जाणार, तेव्हा त्यात घाई करू नका, आणि पहिल्यांदा धुताना थंड पाण्यात वेगळा धुवा.