तिरफळ वापरण्यापूर्वी

तिरफळाच्या औषधी उपयोगाआधी ते निवडायला शिकावे, असे मी सुचवेन. कोकणात आणि गोव्यात वाढणाऱ्या या काटेरी खोडाच्या झाडाची हिरवी फळे उन्हात वाळवली की उकलतात आणि आत चकचकीत काळी बी दिसते; ती कडवट व कचकचीत लागते, म्हणून प्रत्येक फळ बोटांनी चाचपून बी काढून टाकावी, कारण हवा असलेला वास सालीतच असतो. पोटाला जड जाऊ नये म्हणून बांगड्याच्या आमटीत चौघांसाठी सात-आठ साली खलबत्त्यात नुसत्या ठेचून शेवटच्या उकळीला घालतात. वाटणात मात्र त्या बारीक वाटू नयेत, आमटी कडू होते. दाढ ठणकत असल्यास एखादी साल दाढेखाली धरण्याची जुनी रीत आहे. जिभेला मुंग्या येतात आणि थोडा वेळ बरे वाटते, पण कीड तशीच राहते, तेव्हा दंतवैद्याकडे जाणे टाळू नये. (पहिल्यांदा मी अख्खे फळ चावले आणि नंतरच्या चहाची चवच कळली नाही.) लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना याचा काढा वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.