कॅमेरा लावण्याआधी टाकीचं झाकण उघडा

प्रश्न : आमचं घर काळ्या मातीत आहे. संडासापासून सेप्टिक टाकीपर्यंत ४० फूट ४ इंची पीव्हीसी पाइप, मधे एक चेंबर. दर पावसाळ्यात संडास तुंबतो. दोनदा अंगण खोदलं, दोष सापडला नाही. पाइपच्या आत कॅमेरा घालून दोष शोधणारा कॅमेरावाला शहरातून बोलवावा का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तिसऱ्यांदा खोदण्यापेक्षा कॅमेरा नक्कीच बरा. पण त्रास पावसाळ्यातच होतो, म्हणून पहिला संशय शोषखड्ड्यावर, म्हणजे टाकीतून पुढे गेलेलं पाणी जिथे मुरतं त्या खड्ड्यावर घ्या. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी मुरणं जवळपास थांबतं. टाकीचं झाकण सरकवून, थोडा वेळ थांबून, लांबूनच टॉर्चने पाहा. येणाऱ्या पाइपच्या टोकाला इंग्रजी T सारखा जोड, म्हणजे 'टी' असतो; त्याची खालची नळी पाण्यात असणारच. आडवा पाइप मात्र पाण्याच्या २-३ इंच वर हवा. तोच बुडालेला असेल तर पाणी पुढे जात नाही. अशा वेळी कॅमेऱ्यात नुसतं गढूळ पाणी दिसेल. टाकीत कोणालाही उतरू देऊ नका, काडी पेटवून तर मुळीच पाहू नका. आतल्या वायूने माणसं मरतात.

टाकी ठीक असेल तर संडासात २ बादल्या पाणी ओता आणि चेंबरकडे लक्ष ठेवा. चेंबर भरून आलं तर दोष टाकीच्या बाजूला, कोरडंच राहिलं तर संडासाच्या बाजूला. निम्मा पाइप इथेच वगळला जातो.

कॅमेरा चेंबरमधूनच घालायला सांगा. कमोडच्या ट्रॅपच्या, म्हणजे जिथे पाणी साठून राहतं त्या वळणात तो अडकतो. त्याआधी पाइप धुऊन घ्या, नाहीतर भिंगावर घाण बसते. केबल किती आत गेली ते दाखवणारा आकडा चेंबरच्या काठावर शून्य करून घ्या आणि पडद्यावर काय दिसतं ते तुम्हीही बघा. कॅमेरा पाण्यात बुडून काही फुटांनी बाहेर आला, तर तिथे पाइप खचून झोळ पडलाय. दोन्ही टोकांचे आकडे लिहून ठेवा. सांध्यावर चंद्रकोरीसारखी कड दिसली तर सांधा सरकलाय. केसांसारखा झुपका म्हणजे मुळ्या, कडुनिंब किंवा उंबर जवळ असेल तर हमखास. पाइप लंबगोल दिसला तर वरून ट्रॅक्टर गेला असावा. कॅमेऱ्याच्या डोक्यात ५१२ हर्ट्झचा ट्रान्समीटर, म्हणजे जमिनीवरून पकडता येणारा संदेश सोडणारं यंत्र असेल तर जमिनीवरून नेमकी जागा सापडते. नसेल तर पाइपच्या रेषेवर दोरी ताणून तेवढं अंतर मोजा आणि चुन्याची खूण करा. चित्रफीत मोबाइलवर मागून घ्या.

झोळ निघाला तर नुसता पाइप बदलून भागत नाही. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, पाइप पुन्हा खचतो. काळी माती आणखी खोल काढून खाली किमान ४ इंच मुरूम ठोकून बसवा, उतार १० फुटांना ३ इंच ठेवा. पेस्टने चिकटवलेल्या सांध्यांपेक्षा रबरी रिंगचे सांधे इथे जास्त टिकतात, कारण ते थोडी हालचाल सोसतात. पाइप पूर्ण आत ढकलून साधारण १० मिलिमीटर मागे ओढा. ती फट प्रसरणासाठी असते.

प्रश्न : मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा चालेल का?

उत्तर : चेंबरपासून सरळ ५-६ फुटांपर्यंत चालेल. त्याची वायर मऊ असते, लांब ढकलली की आतच गुंडाळते. दोन चेंबरमधला पाइप सरळ असेल तर एकीकडे टॉर्च आणि दुसरीकडे तिरपा आरसा धरा. पूर्ण गोल उजेड दिसला तर पाइप मोकळा आणि सरळ आहे.